मापाला उभी राहिलेली माणसं

जालना जिल्ह्याचा फोटो काढणं अवघड आहे. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरतात, दक्षिणेला गोदावरी जिल्ह्याची हद्द धरून वाहते, आणि या दोहोंच्या मधे मैलोन्‌मैल काळी रानं, बरड, एखादं टेकाड, एखादी बाभळ. बांधावर उभं राहून पाहिलं की हा पसारा छातीत मावत नाही. फोटोत मात्र खाली मातीचा पट्टा आणि वर आभाळाचा पट्टा एवढंच उरतं. तो मातीचा पट्टा एक एकराचा की शंभर एकरांचा, हे कागदावर कळायला काही मार्ग नसतो.

मी या जिल्ह्याची रानं, तळी, विहिरी, नद्यांची पात्रं यांचे फोटो काढतो. त्यात जे काही साधलं, ते ज्यांच्यामुळे साधलं, त्यांतल्या बहुतेकांनी कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. ते माझ्या चौकटीत उभे राहिले. कोणी भर उन्हात, कोणी हातातलं काम टाकून. त्यांचं ऋण आज लिहून ठेवायचं आहे, आणि सुरुवात तात्यांपासूनच व्हायला हवी.

तात्या आमच्या अंबड तालुक्यातल्या गावचे. विहिरींची कामं घ्यायचे. यारी उभी करायची, सुरुंग लावायचे, फुटलेला दगड वर ओढायचा, असं त्यांचं आयुष्य. मोजायची टेप त्यांच्या पिशवीत असायची, पण ती बिलाच्या वेळी लागे. एरवी त्यांची सगळी मापं स्वतःच्या अंगावर होती. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस, आणि विहिरीची खोली परसात. दोन्ही हात आडवे ताणले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक वाव, आणि दोर वावात. गावातली कुठलीही विहीर किती परस आहे, किती परसांवर मुरूम संपून काळा कातळ लागतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

२०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी आमच्या भागात काढला, त्यांना त्याचं वर्णन सांगायला नको. मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालून झाडं जगवता जगवता लोक थकले आणि शेवटी त्यांनीच त्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. मी तेव्हा औरंगाबादला लग्नाच्या फोटोंवर पोट भरत होतो. त्या उन्हाळ्यात जमेल तेव्हा गावी यायचो आणि कोरड्या विहिरींचे फोटो काढायचो.

अशाच एका विहिरीच्या काठावर तात्या माझ्यामागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘कॅमेऱ्यात काय दिसतंय, मला दाखव.’’ मी पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. ‘‘ही सात परस विहीर हाय. इथं तर वाटीवानी दिसायली. थांब, मी उतरतो.’’

ते उतरले. विहिरीच्या तळाशी माणूस उभा राहतो, तेव्हा वरून त्याची उंची दिसत नाही. डोकं आणि खांदे, बस्स. हे मला समजावून सांगावं लागलं नाही, कारण तात्यांनी खाली पोचताच दोन्ही हात आडवे ताणले आणि वर ओरडले, ‘‘वरून माणसाची टाळूच दिसत असती. हात आडवे केले की माप भेटतं. आता समोरच्या काठावर पोराला उभं कर, त्यालाबी हात ताणायला लाव. मग पाह्य.’’

त्यांचा मुलगा पलीकडच्या काठावर हात पसरून उभा राहिला. तो माझ्यापासून वीसेक फुटांवर, तात्या पन्नासेक फुटांवर. दोघं बापलेक सारख्याच अंगाचे, दोघांचे हात सारखेच ताणलेले, आणि फोटोत मुलाच्या हातांचा पसारा बापाच्या अडीचपट. त्या दोन वावांमधलं अंतर म्हणजे विहिरीची खोली. कोणी काही न सांगता ती कागदावर उतरली. छायाचित्रणाच्या कितीतरी पुस्तकांत लिहिलेलं असतं की निसर्गचित्रात प्रमाण दाखवायला माणूस ठेवावा. एकसारखी दोन मापं दोन अंतरांवर ठेवली की खोलीही मोजून दाखवता येते, हे मला विहीर खोदणाऱ्या माणसाने शिकवलं.

पुढे मी हे गणित कागदावर मांडून पाहिलं. फुल फ्रेम कॅमेऱ्यात चौकटीची उंची २४ मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस १०० मीटरवर उभा असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा जेमतेम ०.८४ मिलिमीटर उमटते. म्हणजे चौकटीच्या उंचीचा साधारण एकोणतिसावा भाग. २८ मिलिमीटरची लेन्स लावली तर पन्नासावा, २०० मिलिमीटरची लावली तर सातवा. एवढ्याशा ठिपक्यावर सगळ्या रानाचा मोठेपणा तोललेला असतो, म्हणून त्या ठिपक्याची फार काळजी घ्यावी लागते. ज्या वस्तूचं माप सांगायचं, तिच्याजवळच माणूस हवा. तो कॅमेऱ्याजवळ सरकला की टेकडीपेक्षा उंच दिसू लागतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी पायथ्याशी जाऊन रुंद लेन्सने टिपली, तर पुढ्यातला नारळवाला मोठा आणि टेकडी लहान. तीच दूर जाऊन लांब लेन्सने टिपली, की पायऱ्या चढणारी माणसं आणि टेकडी एकमेकांशी खऱ्या प्रमाणात राहतात. माणसाच्या कपड्यांचा रंग मागच्या जमिनीत मिसळता कामा नये. काळ्या रानावर पांढरं धोतर आणि टोपी मैलावरून उठून दिसते, हे आमच्या भागाचं भाग्य. हातपाय शरीरापासून थोडे सुटे असले की आकृती माणसाची वाटते, नाहीतर लांबून खुंट कोणता आणि माणूस कोणता हे कळत नाही. आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावली लांबते, मग एकटा माणूस कितीतरी मोठी जागा मोजून देतो.

त्या उन्हाळ्यात एका गोष्टीचा मला राग यायला लागला, तो अजून गेलेला नाही. दुष्काळ म्हटलं की भेगाळलेल्या जमिनीचा फोटो छापतात. नुसत्या भेगा, जवळून काढलेल्या. त्या भेगा बोटभर रुंद आहेत की पाय अडकून मोडेल एवढ्या, ते तळं आहे की गल्लीतलं डबकं, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. आमची काळी माती तर पाणी ओसरलं की चांगल्या सालीही फाटते. तो फोटो कुठल्याही वर्षी, कुठल्याही गावात काढता येतो, म्हणून तो कोणत्याच गावाचा नसतो. दुष्काळ किती मोठा, हा त्यातला पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर देणारं मापच त्या फोटोत नसतं.

जालना शहराच्या घाणेवाडी तलावावर मी गेलो, ते हाच प्रश्न घेऊन. निजामाच्या काळात बांधलेला हा तलाव शहराची तहान भागवत आला आहे. तो आटला होता आणि लोक गाळ काढायला लागले होते. मी भिंतीवर उभा राहिलो. तळाशी दूरवर एक ट्रॅक्टर गाळ भरून चालला होता आणि त्याच्या मागून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालत होती. मी खाली गेलो, त्यांना विचारलं, ‘‘मावशी, तुम्ही चालत असताना वरून फोटो काढला तर चालेल का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘काढ की. पण मी थांबणार नाही, माझी खेप राहील.’’ त्या थांबल्या नाहीत, हेच बरं झालं. पाटीचं वजन त्यांच्या चालण्यात दिसत होतं, आणि त्यांच्या चालीवरून पलीकडच्या काठापर्यंतचं अंतर कळत होतं. पाण्याशिवायचा घाणेवाडी किती मोठा असतो, हे त्या फोटोत आलं ते त्यांच्यामुळे. त्यांचं नाव मी विचारलं होतं. ते फोटोच्या मागे लिहिलेलं आहे.

नाव विचारायची सवय मला एका जुन्या गोष्टीमुळे लागली. फ्रान्सचा मॅक्सिम द्यु काँ १८४९-५०मध्ये इजिप्तला गेला आणि तिथल्या देवळांचे, पुतळ्यांचे फोटो काढले. छायाचित्रण तेव्हा नुकतंच जन्मलेलं. दगडांचा आकार कळावा म्हणून तो आपल्या नावेवरचा खलाशी हाजी इस्माईल याला खांबाशेजारी, पुतळ्यावर उभा करायचा. इस्माईल हलू नये म्हणून त्याने त्याला सांगितलं होतं की लेन्सची ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर उडेल. द्यु काँने हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. अबू सिंबेलची ती चित्रं मी डोळे भरून पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी माझी नजर पुतळ्यावरून त्या श्वास रोखलेल्या माणसाकडे जाते. त्याने भीतीने दिलेलं माप जग आजही वापरतं. ही गोष्ट वाचली त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या चौकटीत कोणी फसवून उभा राहणार नाही, आणि बिननावाचा राहणार नाही.

माणसाच्या खुणेवरून जमीन वाचता येते, याचा आमच्या जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध दाखला असईचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली समोरासमोर आले. केळणा ओलांडायला उतार नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं. त्याने पाहिलं की नदीच्या एका काठावर पिंपळगाव आहे आणि अगदी समोर दुसऱ्या काठावर वरूड. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत, तेव्हा येण्याजाण्याची वाट असणारच, असं त्याने ताडलं आणि उतार सापडला. त्या लढाईचा शेवट आपल्याला दुःखाचाच आहे. पण असईच्या शिवारात कॅमेरा लावताना मला ही गोष्ट आठवते. तिथे आज सपाट रानं आहेत, रणांगण म्हणून दाखवण्यासारखं फारसं काही नाही. मी एका शेतकरी दादांना विनंती केली आणि ते बैलजोडी घेऊन नदीकडच्या टोकापर्यंत चालत गेले. इतक्या फौजा या मैदानात कशा मावल्या असतील, ते त्या लांब गेलेल्या जोडीमुळे दिसलं. परत आल्यावर त्यांनी पाणी मागितलं, एवढंच.

कडवंचीचे फोटो वेगळ्या कारणाने महत्त्वाचे. जालना तालुक्यातल्या या गावात १९९६नंतर पाणलोटाचं काम झालं, पुढे शेततळी आणि द्राक्षबागा आल्या, आणि २०१२-१३च्या त्याच कोरड्या सालात हे गाव तगून राहिलं. टेकडावरून पाहिलं तर शेततळं लहानसं दिसतं. वर ३० बाय ३० मीटरचं, आत उतरत्या कडांचं, ३ मीटर खोल शेततळं जवळजवळ २२ लाख लिटर पाणी धरतं, हे आकड्यात सांगून मनावर ठसत नाही. बांधावर मालक उभा असला की ठसतं. इथे एक मात्र कळकळीने सांगतो. शेततळ्याच्या आतल्या उतारावर, प्लास्टिकच्या कागदावर कोणालाही उभं करू नका. तो कागद ओला झाला की पाय टिकत नाही आणि आत घसरलेल्याला धरायला काही नसतं. फोटोसाठी माणूस कुंपणाच्या बाहेर.

तात्यांना विहिरीचा तो फोटो मी मोठा करून दिला. त्यांनी तो ओसरीवर उजेडात धरला, अंगठ्याच्या नखाने स्वतःची वाव मोजली, मग तेच माप तळाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरकवत नेलं आणि विहिरीचा तळ किती वाव रुंद, ते बरोबर सांगितलं. मुलाला बोलावून त्यालाही मोजायला लावलं. मी काढलेल्या फोटोची याहून चोख परीक्षा कोणी घेतलेली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फोटो कोणाला दाखवण्याआधी तसाच मोजून पाहतो. त्यातल्या माणसाला माप धरून पाहणाऱ्याला बाकीचं रान मोजता आलं, तर फोटो ठेवतो. नाही आलं तर काढून टाकतो.

तात्या आता नाहीत. त्यांचा मुलगा पोकलेनवर काम करतो आणि मी गावी गेलो की अजूनही माझ्यासाठी लांबच्या बांधावर जाऊन उभा राहतो. हाताने इशारा केला की हात पसरतो, वडिलांसारखेच. मी त्याला पैसे देऊ केले तर रागावतो, म्हणून आता फोटो देतो. या माणसांचं देणं फिटण्यातलं नाही आणि ते फेडून मोकळं व्हावं असंही मला वाटत नाही. ते मान्य करावं, एवढीच इच्छा.

आमच्या जिल्ह्यात आता समृद्धी महामार्गावरून पुष्कळ लोक कॅमेरे आणि ड्रोन घेऊन येतात. यावं, जरूर यावं. रानात काम करणारं कोणी तुमच्या फोटोत आलं, तर आधी विचारा, नाव लिहून घ्या आणि फोटो छापून त्यांच्या हातात पोचवा. मोबाइलवर पाठवलेला पुरत नाही. आमच्याकडे छापलेला फोटो भिंतीवर लावतात.