चाकाची आतली बाजू

मेहकरात गाडी कुठून आली हे विचारावं लागत नाही, चाकं बघितली की कळतं. जानेफळकडच्या शेतातून आली असेल तर टायरच्या नक्षीत काळी माती ठासून भरलेली असते. समृद्धी महामार्गावरून उतरली असेल तर पुढची दोन चाकं करडी पडलेली दिसतात. नुसती गावातच फिरणारी असेल तर सगळीकडे सारखीच पांढरट धूळ. आमच्या गाडीला तिन्ही लागतं. शेत जानेफळ रस्त्याला, माहेर संभाजीनगरचं आणि उरलेल्या दिवसांत बाजार, शाळा, बसस्टँड. त्यामुळे चाकं कशानं धुवायची या प्रश्नाला अ‍ॅक्सेसरीजवाल्यानं दिलेलं उत्तर, ‘हा ब्रश घ्या, सगळ्याला चालतो’, मला कधी पटलं नाही.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि मेहकरला इंटरचेंज मिळालं. त्याआधी आमच्या गाडीला ऐंशीच्या वर जायचं कामच पडत नसे. सुलतानपूरपर्यंत ट्रकच्या मागे, पुढे ट्रॅक्टरच्या मागे. समृद्धीवर कारला 120 ची मुभा. सोयाबीन फुलावर असताना एका संध्याकाळी शेतातून चिखल तुडवत गाडी घरी आणली, रात्रभर अंगणात उभी राहिली आणि सकाळी मी माहेरी निघाले. नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. वेग कमी केला की शांत, वाढवला की पुन्हा तेच. टायर फुटल्याच्या बातम्या वाचलेल्या असल्यामुळे उरलेला रस्ता मी ऐंशीनं, डावीकडच्या लेनमधून काढला.

संभाजीनगरला बॅलन्सिंगवाल्याकडे गेले. त्यानं चाक उतरवलं, पण मशिनवर चढवलं नाही. आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घातला आणि तळहाताएवढी वाळलेली मातीची खपली माझ्यापुढे धरली. “ताई, पहिले हे काढू. मग लागलंच तर वजनं लावू.” चारही चाकं आतून खरवडून, धुऊन झाली. परतीच्या वाटेवर स्टिअरिंग जागचं हललं नाही.

ओला चिखल रिमच्या आतल्या पन्हळीत भरतो. गाडी उभी राहिली की तो ओघळून खालच्या बाजूला जमतो आणि तिथेच वाळतो. मग चाकाची एक बाजू जड. कमी वेगात काही जाणवत नाही. वेग वाढला की त्या थोड्याशा वजनाचा झटका प्रत्येक फेऱ्याला स्टिअरिंगपर्यंत पोचतो. आणि आपली माती साधी नाही. बेसाल्ट झिजून झालेली, मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजानं भरलेली. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून आवळते. शेतात ढेकूळ फोडताना हे ठाऊक असतं, पण गाडी धुताना ध्यानात येत नाही.

वॉशिंग सेंटरवर चाकाचं तोंड धुतात, आत कोणी जात नाही. प्रेशरचा फवारा बाहेरून मारतात, वरून टायर पॉलिश. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर रांग एवढी असते की तेवढं झालं तरी नशीब. म्हणून मी घरीच धुवायला लागले आणि मग हत्यारं गोळा होत गेली.

पहिलं हत्यार ब्रश नव्हेच, पाणी. ओळखीच्या एका वॉशिंगवाल्यानं सांगितलं होतं, “ताई, अगुदर भिजू द्या. कोरडी खरडसान त रंग घिऊनच निंगन ते.” मातीत बारीक मुरूम असतो, कोरडं घासलं की तोच रंगावर ओरखडे काढतो. उन्हाळ्यात नळाची वाट बघणाऱ्या गावात पाइप सोडून ठेवायची मला लाज वाटते. त्यापेक्षा पाठीवरचा फवारणी पंप बरा. बारीक तुषार चारही चाकांवर मारायचे, चहा घेऊन यायचं, पुन्हा मारायचे. पंप मात्र वेगळा ठेवलाय. तणनाशकाच्या पंपाला मी गाडीजवळ येऊ देत नाही, कारण धुतलेलं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याकडे जातं.

माती मऊ झाली की बांबूची चपटी चीप. रिमच्या पन्हळीतली, मडगार्डच्या कडेची ढेकळं तिनं निघतात. स्क्रू ड्रायव्हर हाताशी असतो खरा, पण रंग गेलाच म्हणून समजा.

आता ब्रश. रबर आणि रिम यांना एकच ब्रश लावायचा नाही, एवढं एक पथ्य मी कडक पाळते. टायरला राठ केसांचा हवा. कपडे घासायचा प्लास्टिकचा ब्रश त्यासाठी उत्तम. हातात बसतो, दाब देता येतो. अलॉयच्या तोंडाला मऊ. रंगकामाचा दोन इंची ब्रश मी वापरते, नटांच्या खड्ड्यांत आणि आऱ्यांच्या कोपऱ्यांत तो सहज शिरतो. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळलीय, म्हणजे धातू धातूला लागत नाही. तारेचा ब्रश फक्त जुन्या लोखंडी रिमच्या गंजासाठी, तोही पुन्हा रंग मारणार असाल तरच. अलॉयवर पारदर्शक लेप असतो. तारेनं तो फाटला की खालचं अ‍ॅल्युमिनियम डागाळतं.

खरी अडचण आतल्या बाजूची. आऱ्यांमधून हात जात नाही. भांड्यांच्या दुकानातला बाटली धुवायचा ब्रश लांबीला पुरतो, पण त्याच्या मधोमध पिळलेली तार असते आणि टोक उघडं. आत-बाहेर करताना नेमकं तेच टोक रिमवर घासतं. मी टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधला आणि बरेच दिवस काम भागवलं. नंतर प्लास्टिकच्या दांडीचा, मायक्रोफायबर गुंडाळलेला ब्रश मागवला. महाग पडला, पण सगळ्या सामानात मनापासून घ्यावा असा तोच. वापरताना एक सांभाळायचं: अलॉयच्या आत बॅलन्सिंगची वजनं चिकटवलेली असतात. त्यांच्यावर जोर दिला किंवा फवारा अगदी जवळून मारला आणि एखादं निखळलं, की पुन्हा थरथर. फवारा टायरच्या कुशीपासूनही फूटभर लांबच ठेवावा.

पुढच्या चाकांचा करडेपणा मातीचा नसतो. ब्रेक लागताना डिस्क आणि पॅड झिजतात, त्यातले लोखंडाचे कण गरम रिमवर जाऊन चिकटतात आणि तिथे गंजतात. ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, म्हणून मळतातही तीच. साबणानं निघालं नाही तर यासाठी एक फवारा मिळतो. मारला की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ येतात. पोरांना फार आवडतं. वास उग्र, हातात मोजे हवेत आणि रिम थंड हवी. वैशाखातल्या दुपारी हे करू नये. जागीच वाळलं तर डाग पडतो.

टायर पॉलिशशी माझं जमत नाही. रबराला ओझोननं चिरा पडू नयेत म्हणून कारखान्यात त्यात एक रसायन घालतात. ते हळूहळू वर येतं आणि तपकिरी पडतं. राठ ब्रश आणि साबण यांनी तो थर जातो. टायर मग चकचकीत नाही, पण काळा दिसतो, आणि तेवढं पुरे. डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवणारेही आहेत. चमक येते खरी, पण त्या तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं.

घासलेल्या टायरवर वाचण्यासारखं बरंच असतं. कुशीवर चार आकडे सापडतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, टायरचा जन्म. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खोली 1.6 मिलिमीटर उरली, म्हणजे टायर बदलायची वेळ झाली. चिखलाखाली यातलं काही दिसत नाही, खिळा नाही की फुगवटा नाही. आमच्या स्टेपनीवरचे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ती गाडीतल्या सगळ्या टायरांपेक्षा म्हातारी निघाली. एकदाही रस्त्याला न लागता तिच्या कुशीला चिरा पडल्या होत्या. ती बदलली.

सामान आता एका बादलीत राहतं, ब्रश मात्र केस खाली करून खिळ्याला टांगलेले. त्यातला दोन इंची सासूबाईंनी समईच्या नक्षीसाठी नेला. “रंगाचाच ब्रश आहे ना, मग त्याले काय झालं,” म्हणाल्या. समई खरंच लखलखीत झालीय. मी नवा ब्रश आणला आणि पट्टीवर पुन्हा चिकटपट्टी गुंडाळली.