कोरी पाटी

वसंताची वर्दी कोणाला कोकिळा देते, कोणाला आंब्याचा मोहोर. इथे शिकागोत मला ती बेसबॉल देतो. फेब्रुवारीत दाराशी बर्फ साचलेले असते. पण दूर ॲरिझोनाच्या उन्हात आमच्या व्हाइट सॉक्स संघाचे पिचर सरावाला उतरल्याची बातमी आली, की माझ्यापुरता हिवाळा संपतो!

संघाची कीर्ती काय सांगावी? २०२४ साली १६२ सामन्यांपैकी १२१ हरला. १९०० नंतर एका हंगामात इतके पराभव कोणाच्याच वाट्याला आले नव्हते.

"अजून त्यांचाच नाद?" सौ. विचारते.

पण हंगामाच्या आरंभी जगज्जेत्याच्या नावापुढे शून्य, अन् आमच्याही नावापुढे शून्यच! सावकाराने आपण होऊन खाते कोरे करावे, तसे हे औदार्य. संसारात अशी कोरी पाटी कोठे मिळते?

१९१७ नंतर हा संघ जगज्जेता झाला तो थेट २००५ साली. मधल्या ८८ वर्षांत कित्येक बाप मुलांच्या हाती नुसती वाट पाहणे ठेवून गेले. मुलांनी तो वारसा टाकला नाही.

२०२५ मध्ये आम्ही १०२ सामने हरलो. म्हणजे एकोणीस पराभव कमीच की!