काय सोडायचं, हे ठरवण्याची कला

काउंटर-स्ट्राइक या टीमने खेळायच्या शूटर खेळात निम्मी मॅच पहिली गोळी सुटायच्या आधीच ठरलेली असते. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला पंधरा-वीस सेकंद कोणालाच जागचं हलता येत नाही. तेवढ्या वेळात हाती असलेल्या पैशांतून बंदूक, चिलखत, स्मोक-फ्लॅशसारखे ग्रेनेड, काय घ्यायचं ते घ्यायचं. आमच्या टीममध्ये कॉल देण्याचं काम माझ्याकडे आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कॉल देणारा फक्त 'इकडून चला, तिकडून चला' एवढंच सांगतो. खरं काम त्याआधीचं असतं. पाच जणांकडे मिळून किती पैसे आहेत, हा राउंड गेला तर पुढच्याला किती उरतील आणि समोरच्यांच्या हातात आत्ता काय असेल, याचा हिशेब मांडून 'घ्या' किंवा 'सेव्ह करा' हे सांगायचं असतं.

माझा दुसरा नाद स्वस्त कोरियन गाड्यांचा. ओळखीतलं कोणी सेकंड हँड सँट्रो किंवा आय-टेन घ्यायला निघालं, की मला सोबत नेतं, आणि मीही आनंदाने जातो. खेळाचा आणि गाड्यांचा काय संबंध, असं मला नेहमी विचारतात. माझ्यासाठी तो एकच नाद आहे. दोन्हीकडे पैसे अपुरे असतात. सगळं घेता येत नाही, काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडलं, यावरून ठरवणाऱ्याची समज कळते.

खेळातले आकडे सांगतो, म्हणजे ही तंगी कशी असते ते लक्षात येईल. पहिल्या राउंडला प्रत्येकाला 800 डॉलर मिळतात. नुसतं चिलखत 650 ला पडतं. ते घेतलं की फ्लॅशलाही पैसे पुरत नाहीत, कारण फ्लॅश 200 चा. पुढे एके-47 2700 ला, हेल्मेटसकट चिलखत 1000 ला, आणि सगळ्यांना जिचा मोह पडतो ती एडब्ल्यूपी स्नायपर 4750 ला. राउंड हरला तर भरपाई मिळते. सलग हरत गेलं तर ती 1400 पासून 3400 पर्यंत चढत जाते. मागे पडलेल्या टीमला पुन्हा उभं राहायची संधी मिळावी, म्हणून केलेली ही सोय आहे. ती कोणाच्या उपयोगी पडते? ज्यांना एखादा राउंड हातचा जाऊ द्यायचं धैर्य आहे, त्यांच्या.

कारण या खेळातली सगळ्यात महाग चूक म्हणजे अर्धवट खरेदी. दोघांनी रायफली घेतल्या, तिघांकडे पिस्तुलं, स्मोक कोणाकडेच नाही. असा राउंड बहुतेक वेळा हरतो आणि पुढच्यासाठीही खिसा रिकामा करून जातो. आमच्यातला सगळ्यात धाकटा खेळाडू निशाणेबाज आहे, हात फार चांगला. अशा वेळी तो माईकवर हमखास विचारतो, "दादा, माझ्याकडे पाच हजार आहेत. एडब्ल्यूपी घेऊ?"

"बाकीच्यांकडे किती आहेत ते बघितलंस का?"

"दोन-दोन हजार."

"मग सेव्ह कर. पुढच्या राउंडला सगळे मिळून घेऊ."

पैसे त्याच्या नावापुढे दिसतात, पण ते टीमचे असतात. ही गोष्ट अंगी मुरली की खेळाडू बदलतो. मग तो स्वतःहून दुसऱ्याला रायफल ड्रॉप देतो आणि आपण साधी बंदूक घेऊन उभा राहतो. टीमने खेळायच्या शूटर खेळाचं मला सगळ्यात जास्त मोल वाटतं ते याच्यासाठी. नेम चांगला असणं ही देणगी असेल, पण पैसे नीट वाटून घेणं हे शिकावंच लागतं.

डस्ट 2 हा डेव्हिड जॉन्स्टनने 2001 मध्ये बनवलेला नकाशा. त्यातल्या 'लाँग' नावाच्या भागाचा दरवाजा घ्या. दारातून बाहेर पडलं की पुढे लांबलचक मोकळा पट्टा, आणि त्याच्या टोकाला प्रतिस्पर्धी स्नायपर लावून बसलेला. जो पहिला बाहेर पडेल, तो सरळ त्याच्या नेमात. इथे 200 डॉलरचा फ्लॅश कामाला येतो. फ्लॅश फेकणारा मागे उभा राहतो. दाराच्या वरून, ठरलेल्या ठिकाणी नेम धरून तो फेकतो आणि माईकवर सांगतो. एंट्री करणारा, म्हणजे पहिला बाहेर पडणारा, क्षणभर पाठ फिरवतो, म्हणजे उजेड त्याच्या डोळ्यांत जात नाही. समोरच्याचा पडदा पांढरा होतो आणि त्याच वेळी आमचा गडी वळून बाहेर पडतो. अर्धा सेकंद उशीर झाला तर एंट्रीवाला मेलाच समजा, आणि अर्धा सेकंद लवकर झाला तर समोरचा सावरतो. किल एंट्रीवाल्याच्या नावावर लागते. फ्लॅश फेकणाऱ्याला फार तर एक असिस्ट. पण मी टीमसाठी खेळाडू निवडतो तेव्हा आधी हा मागे उभा राहणारा शोधतो. 2017 ते 2019 या काळात डेन्मार्कच्या अॅस्ट्रॅलिस या टीमने काउंटर-स्ट्राइकच्या चार मेजर स्पर्धा जिंकल्या. त्यांचे सामने बघताना लक्षात राहतं ते हेच: ग्रेनेड वेळेवर पडतात आणि ज्याला गरज आहे त्याच्यासाठी पडतात.

आता गाडीकडे येतो. 2007 मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या आय-टेनमध्ये एकदा शांतपणे बसून बघा. गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला नाही, तो डॅशबोर्डच्या खालच्या भागात बसवलाय. त्यामुळे पुढच्या दोन सीटांमधली जागा मोकळी राहते आणि छोट्या गाडीत पाय आखडत नाहीत. डॅशबोर्डचं प्लास्टिक कडक आहे, नखाने वाजवलं तर टकटक आवाज येतो. तिथे पैसे वाचवलेत, आणि ते बरोबर केलंय, कारण डॅशबोर्ड दाबून कोणी प्रवास करत नाही. 2008 मध्ये या गाडीत 1197 सीसीचं 'कप्पा' नावाचं इंजिन आलं. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि टायमिंगला चेन. आधीच्या 1086 सीसीच्या इंजिनाला मात्र टायमिंग बेल्ट आहे. म्हणून जुनी आय-टेन विकणाऱ्याला माझा पहिला प्रश्न रंगाबद्दल किंवा ॲव्हरेजबद्दल नसतो. "बेल्ट शेवटचा कधी बदलला, आणि त्याची पावती आहे का?" बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिनचं मोठं काम निघतं, आणि स्वस्तात घेतलेली गाडी महागात पडते.

मग बॉनेट उघडायचं. इंजिन थंड असताना चालू करायचं आणि पहिलं मिनिटभर नुसतं ऐकायचं. स्टेपनीच्या खड्ड्यातलं कार्पेट उचलून पत्र्याला सुरकुती पडलीय का, वेल्डिंग पुन्हा केलंय का, ते बघायचं. मागून बसलेला मार तिथे लपत नाही. एखाद्या चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलायची, म्हणजे क्लचची अवस्था कळते. गावात हलकं, सोपं वाटणारं या गाडीचं स्टिअरिंग द्रुतगती मार्गावर शंभरच्या पुढे जरा जास्तच हलकं लागतं, हे गाडी घेणाऱ्याला मी आधीच सांगून टाकतो. ज्याला रोज पुणे-मुंबई करायचं आहे, त्याने दुसरी गाडी बघावी. ज्याला पेठेतल्या गल्लीत गाडी लावायची आहे आणि आईवडिलांना दवाखान्यात न्यायचं आहे, त्याच्यासाठी हिच्याइतकी समजूतदार गाडी या पैशांत मिळणं कठीण.

ही समज कोरियाला आयती मिळालेली नाही. आय-टेन बनवणाऱ्या ह्युंदाईची पहिली स्वतःची गाडी पोनी, 1975 ची. डिझाइन इटलीच्या ज्युजारोचं, इंजिन मित्सुबिशीचं. जे येत नव्हतं ते त्यांनी दुसऱ्याकडून घेतलं आणि जुळवायचं काम आपण केलं. 1986 मध्ये एक्सेल अमेरिकेत गेली, किंमत 4995 डॉलर. पहिल्याच वर्षी तिथे 1,68,000 वर गाड्या खपल्या. पण त्या किमतीसाठी जे सोडलं होतं त्यात टिकाऊपणाही होता. गाड्या कुरकुरू लागल्या आणि ह्युंदाईचं नाव तिथे चेष्टेचा विषय झालं. तो कलंक पुसायला कंपनीला इंजिन आणि गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी द्यावी लागली, आणि ती निभावता येईल एवढा दर्जाही आणावा लागला. चुकीच्या जागी वाचवलेले पैसे असे कित्येक पटींनी परत द्यावे लागतात.

सँट्रो आपल्याकडे आली 1998 मध्ये, चेन्नईजवळच्या कारखान्यातून. उंच, उभट, पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्रच वाटणारी. पण साडी नेसलेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांना त्या उंचीमुळे आत बसणं-उतरणं सोपं जायचं. त्या वेळच्या मारुती 800 मध्ये अजून कार्ब्युरेटर होता, तर सँट्रोचं 999 सीसीचं इंजिन एमपीएफआय, म्हणजे इंधन इंजेक्शनचं. देखणेपणा सोडला, पण उंची आणि इंजिन नाही सोडलं. आजही मला तो निर्णय फार आवडतो.

कोरियात हा काळ मोठ्या पडझडीचा होता. 1997 च्या आर्थिक संकटात किया दिवाळखोरीत गेली आणि पुढच्याच वर्षी ह्युंदाईने ती घेतली. देवू समूह 1999 मध्ये कोसळला; ज्यांनी आपल्याकडे देवूची मटीझ घेतली होती, त्यांना त्याची झळ पुढची कितीतरी वर्षं सुटे भाग शोधताना लागली. त्याच संकटात नोकरी गेलेल्या कित्येकांनी पीसी बांग उघडले. पीसी बांग म्हणजे तासावर पैसे घेऊन वेगवान कॉम्प्युटर देणारी जागा. शाळा-कॉलेजातली पोरं तिथे शेजारी-शेजारी बसून टीमने खेळू लागली, आणि कोरियन खेळाडूंचा दबदबा तिथूनच उभा राहिला. 2016 ते 2018 अशी लागोपाठ तीन वर्षं ओव्हरवॉच या टीम शूटर खेळाचा वर्ल्ड कप दक्षिण कोरियाने जिंकला. तंगीत सापडलेल्या एका देशाने गाड्या आणि खेळ या दोन्हींत असं मन लावलं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

पण सोडण्यालाही एक हद्द असते. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक टीम बॉम्ब लावायला बघते, दुसरी बचाव करते; लावलेला बॉम्ब 40 सेकंदांत फुटतो. तो निकामी करायला नुसत्या हातांनी 10 सेकंद लागतात, किट असेल तर 5. किट 400 डॉलरचं. बहुतेक राउंडमध्ये ते वापरलं जात नाही, म्हणून नवी पोरं तेच आधी वगळतात. घड्याळात सात सेकंद उरलेले असतात, समोर कोणी उरलेलं नसतं, राउंड जिंकल्यात जमा असतो, आणि किट नाही. त्या क्षणी हातात दहा हजारांचा शस्त्रसाठा असला तरी फुकट. म्हणून पैसे कितीही कमी असोत, बचाव करताना निदान दोघांकडे किट हवंच, हा आमचा नियम. ज्याच्याकडे ते आहे तो पडला तरी किट जमिनीवर राहतं आणि दुसऱ्याला उचलता येतं.

गाडीतली एअरबॅग हे असंच किट आहे. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची सर्वांत स्वस्त मॉडेलं धडकवून बघितली. आय-टेनही त्यांत होती. एकाही मॉडेलमध्ये एअरबॅग नव्हती आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. आय-टेनबद्दल मी आत्ता जे काही चांगलं म्हटलं, ते सगळं या शून्यासकट वाचायचं. हे वाचवणं चुकीचं होतं. जी वस्तू शंभरातल्या एका दिवशीच लागते, पण त्या दिवशी तिच्याऐवजी दुसरं काहीच चालत नाही, ती काटकसरीच्या यादीत टाकायचीच नाही. 2023 मध्ये ह्युंदाईची एक्स्टर 5.99 लाखांपासून आली आणि सर्वांत खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्युंदाईने भारतातल्या आपल्या सगळ्याच गाड्यांना सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं. स्वस्त गाडीतही हे परवडतं, हे त्याने दाखवून दिलं.

आणि आता सनरूफ. आज गाडी घ्यायला आलेली तरुण मंडळी सगळ्यात आधी ते विचारतात. मला त्यांच्या हौसेबद्दल राग नाही. खेळात बंदुकीला लावायच्या स्किन असतात. त्यांतल्या काही खऱ्या पैशांत लाखांना विकल्या जातात, पण त्यांनी गोळी जराही सरळ जात नाही. पैसे उरले तर घ्याव्यात. माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे. आधी ब्रेक, टायर, एअरबॅग. मग इंजिन आणि क्लच. मग बसायची सोय. आणि उरलंच तर आकाश. टायर गुळगुळीत आणि सनरूफ चकचकीत अशी गाडी दिसली, की ती आधी कोणी कशासाठी घेतली होती ते मला लगेच कळतं.

नव्या खेळाडूंनाही मी क्रमच सांगतो. व्हॅलोरंट हा असाच दुसरा शूटर खेळ खेळणारेही 800 क्रेडिट्सनेच सुरुवात करतात, तिथेही हाच हिशेब. आधी टीमचे पैसे बघा, मग स्वतःचे. मोह होईल ती बंदूक शेवटी. आणि गाडी घेणाऱ्याला सांगतो, शोरूममध्ये पाय टाकण्याआधी घरी बसून कागदावर दोन याद्या करा: काय सोडून चालेल, आणि काय सोडून अजिबात चालणार नाही. दुसरी यादी लिहिताना मागच्या सीटवर कोण बसणार आहे, त्यांची नावं समोर ठेवा. आपण वाचवलेल्या पैशांची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागणार असेल, तर ती काटकसर नव्हे. एवढं एक पाळलं, तर 800 डॉलरमध्येही राउंड जिंकता येतो आणि सहा लाखांतही अख्ख्या घराला पुरेल अशी गाडी मिळते.