बंद घर आणि गच्चीवरचा बंब

बंगळूरला बदली झाली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक हमखास म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची, पंखासुद्धा लागत नसेल!" समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या गावाबद्दल ते एके काळी खरंही होतं. बसवनगुडी, मल्लेश्वरमच्या जुन्या घरांना मंगळुरी कौलं, उंच छत, पायाला गार लागणारी तांबडी जमीन. गावाला जाताना खिडक्या ओढल्या, कुलूप लावलं की झालं. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला. आता फ्लॅटमध्ये कूलर असतो, एसी असतो, आणि मे महिन्यात सांगली-कोल्हापूरला निघताना त्यांचीही निरवानिरव करावी लागते.

खरी गंमत मात्र गच्चीवर आहे. कुठल्याही उंच इमारतीवरून खाली पाहा, गच्च्यागच्च्यांवर सौर बंब उन्हाकडे तोंड करून बसलेले दिसतील. इथे उन्हाळ्यातही सकाळी अंघोळीला गरम पाणी लागतंच. पूर्वी न्हाणीघरात चुलीवर तांब्याचा मोठा हंडा असे. कानडीतही त्याला 'हंडे'च म्हणतात. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो घासूनपुसून, हळद-कुंकू लावून भरतात. त्या दिवसाला नावच 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण! आपल्या अभ्यंगस्नानाचीच ही तयारी.

त्या हंड्याखालची लाकडं ओढली की काम संपत असे. सूर्याचं तसं नाही. घरात कुणी नसलं तरी तो पाणी तापवतच राहतो. वापर नसल्याने टाकीतलं पाणी दिवसागणिक जास्त कढत होतं, वाफ नळीवाटे निघून जाते, वायसर आणि सांधे कुरकुरू लागतात. उपाय साधा आहे. निघायच्या दिवशी पहाटे, ऊन पडायच्या आत, पॅनेलवर किंवा काचेच्या नळ्यांवर जाड चादर नाहीतर ताडपत्री घट्ट बांधावी. टाकी रिकामी करून जाण्याचा मोह मात्र टाळा. कोरड्या नळ्या उन्हात भट्टीसारख्या तापतात आणि परतल्यावर त्यांत गार पाणी शिरलं की काच तडकते. पावसाळी दिवसांसाठी आत विजेची कॉइल बसवलेली असेल, तर तिचा स्विच आठवणीने बंद करावा.

सांधे दोन दिवस आधीच तपासून घ्या. आमच्या ओळखीच्या एक काकू बेळगावहून महिन्याने परतल्या, तर गच्चीवरची टाकी ठणठणीत. गरम पाण्याचा एक सांधा महिनाभर ठिबकत होता. इथे कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, पंपांनी चढवून आणावं लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्यावर टँकरसाठी काय धावपळ झाली, ते इथल्या गृहिणींना विचारा!

एसीचं म्हणाल, तर रिमोटने बंद केला म्हणजे तो बंद झाला असं नव्हे. आधी तासभर नुसता पंखा चालवून आतली ओल सुकवावी, जाळी धुऊन वाळवावी आणि मग मुख्य स्विच खाली करावा. मे महिन्यात इथे संध्याकाळी वळीव येतो, विजा कडाडतात, वीज जाते-येते, तेव्हा आपण तिथे नसतो. गीझरलाही हाच न्याय. कूलरमधलं पाणी मात्र पार उपसून, गवताच्या जाळ्या कडकडीत उन्हात वाळवूनच ठेवा. साचलेल्या पाण्यात आठवडा-दीड आठवड्यात डास तयार होतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाणीच शोधतो.

किल्ली शेजारी देताना तेवढं गच्चीवरच्या चादरीकडेही बघायला सांगा. वाऱ्याने ती उडण्याचा संभव असतो. म्हणूनच परतल्यावर पहिल्या अंघोळीला बादलीत आधी गार पाणी घ्या आणि मग गरम नळ हळूहळू सोडा. लहान मुलांना त्या दिवशी नळाला हात लावू देऊ नका.