गुलमोहर लावायचा कुठे?

आमच्या धाकट्याने रोपवाटिकेतून गुलमोहराचे रोप आणले आणि घरात दोन तट पडले. आत्याबाई म्हणाल्या, "झाडच लावायचे तर बोधिवृक्ष लावा." पण पिंपळाची मुळे भिंत फोडतात. त्याची जागा विहाराच्या आवारात, आणि तिथे तो आहेच. हे त्यांना पटले. उरला गुलमोहर.

पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ वास्तुशास्त्राचे पुस्तक घेऊन आले. कोणत्या दिशेला कोणते झाड शुभ, ते सांगू लागले. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला, त्यानंतर आपल्या दारी शुभ-अशुभाचे काय काम? त्यांना चहा पाजला, पुस्तक परत केले. दिशा मात्र आम्हीही पाहिली, वाऱ्याची!

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. झपाट्याने वाढतो, तीस-चाळीस फूट उंच होतो आणि छत्रीसारखा पसरतो. पण लाकूड ठिसूळ, मुळे वरच्यावर पसरणारी. वादळी पावसात त्याच्या फांद्या सहज मोडतात. दुपारचे ऊन अडावे म्हणून आमच्या ह्यांना तो पश्चिमेला हवा होता. पण आपल्याकडे पावसाळी वाराही नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. झाड पडले तर थेट घरावर! शिवाय मार्चच्या उन्हात गुलमोहराला पानेच नसतात. मग सावली कसली?

पूर्वेला शेजारच्या ताईंचे पत्र्याचे घर. ताई चार घरची धुणीभांडी करून तीन लेकरे शिकवतात. शोभा आमच्या दाराला आणि फांदी त्यांच्या पत्र्यावर! ताई तोंडाने काही बोलल्या नसत्या, म्हणून तर तो विचार आम्हीच करायला हवा होता.

शेवटी दोर धरून मोजले. भिंत, संडासची टाकी, पाण्याचा पाइप, विजेची तार या सगळ्यांपासून वीस-पंचवीस फूट लांब असा एकही कोपरा आमच्या दोन गुंठ्यांत निघेना. धाकटा हिरमुसला. "मग रोप फेकून द्यायचे का, आई?"

विहाराच्या मंडळाला विचारले. मैदानाच्या कडेला, इमारतीपासून चांगले लांब, वर तार नाही अशी जागा त्यांनी दाखवली. गुलमोहर उन्हाळ्यात, बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास फुलतो, हे ऐकून आत्याबाईही खूश झाल्या. आमच्या दारापुढे पांढऱ्या चाफ्याची फांदी लावली आहे. तो हळू वाढतो, छाटताही येतो. धाकटा रोज संध्याकाळी कळशी घेऊन विहारावर जातो. शेळ्या रोप खातील म्हणून आत्याबाईंनी त्याच्याकडून बाभळीच्या काट्यांचे कुंपणही करून घेतले.