आई-बाबांना घेऊन दुबईला, व्हाया बीड

हिंजवडीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये विचारा, एक तरी बीडवाला सापडेलच. केजचा, गेवराईचा, नाहीतर थेट परळीचा. नोकरी लागली, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले, आता पुढचा प्लॅन ठरलेला असतो: आई-बाबांना विमानात बसवायचं. आणि पहिलं फॉरेन म्हणजे दुबई! मुंबईहून जेमतेम तीन तास, घड्याळ दीड तास मागे, आणि हिंदीवर बरंच काही भागतं. पण बॉस, ही तुमच्या ग्रुपची गोवा ट्रिप नाही.

जायचं ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये. ‘आम्ही बीडचे, आम्हाला उन्हाची काय भीती’ हा डायलॉग तिथल्या जूनमध्ये चालत नाही. आपलं ऊन कोरडं, तिथलं दमट. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्यानेच बंदी आहे. यावरून काय ते समजा.

व्हिसा निघण्याआधीच हातात हवा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असू शकते. ती नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या तपासणीसाठी असते, फिरायला जाणाऱ्यांनी टेन्शन घेऊ नये. पन्नाशी उलटलेल्यांना ती काढूनही घेता येते. तरी व्हिसा, परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंगचे प्रिंट बाबांच्या खिशात द्या. काउंटरवर तुम्ही मोबाइल चाचपडत बसलात की ते उगाच घाबरतात.

खरी लढाई बॅगेची! आई डबे भरणारच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या खुशाल, पण खसखस अजिबात नको. यूएईत तिच्यावर बंदी आहे आणि प्रकरण थेट अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. म्हणजे अनारसे घरीच. काळ्या मसाल्यात खसखस पडली आहे का, हेही आईला विचारा. खोकल्याच्या, झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही औषधांनाही तिथे आधी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. बाबांची तंबाखूची पुडी? तिला मुंबईतच निरोप.

मेट्रो २००९पासून धावते आहे. झकास आहे, पण डब्यात दशमी सोडायची नाही, खाण्या-पिण्याला १०० दिरहम दंड. महिला आणि मुलांचा डबा वेगळा असतो. आईच्या मागोमाग बाबा तिकडे शिरले तर पुन्हा तेवढाच दंड. आणि थुंकणं, सिग्नल सोडून रस्ता ओलांडणं हे आपले राष्ट्रीय छंद आठवडाभर रजेवर.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर, वर जायचं तिकीट आधी काढा, सूर्यास्ताचा स्लॉट महाग असतो. खालची कारंजी मात्र फुकट. माझं मत विचाराल तर खरी मजा जुन्या दुबईत आहे. बर दुबईहून देराला खाडी ओलांडणारी लाकडी होडी, म्हणजे अब्रा. भाडं १ दिरहम! दिवसभर मनात रुपयांचा गुणाकार करून दमलेले बाबा इथे पहिल्यांदा खूश होतात. परळीकरांना महादेवाचं दर्शन लागतंच. जेबेल अलीला २०२२मध्ये मोठं मंदिर झालंय, शिवमंदिरही २०२४मध्ये बर दुबईतून तिकडेच हलवलं.

पलीकडे देरात गोल्ड सूक. सोन्याचा दिवसाचा भाव ठरलेला, घासाघीस करायची ती घडणावळीवर. पण ‘बायकांना इतके ग्रॅम फ्री’ या गावगप्पांवर जाऊ नका. कस्टमची दागिन्यांची ती खास सूट एक वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांना आहे, पाच दिवसांच्या पर्यटकाला नाही. बिल जपा, परतल्यावर रेड चॅनेलने जाऊन दागिने जाहीर करा. आणि आई घरचं सोनं घालून निघणार असेल, तर जातानाच मुंबई विमानतळावर कस्टमकडून त्याचा दाखला घ्या.

संध्याकाळी रस्त्यावर कामगारांच्या बस दिसतील, काही सोनापूरच्या कॅम्पकडे परतणाऱ्या. मुकादमाची उचल घेऊन घरच्या घरं ऊसतोडीला जातात, असा आपला जिल्हा. आपण फिरायला जातो ते महिनेही नेमके तोडीचेच. बाबा त्या बसकडे बुर्ज खलिफापेक्षा जास्त वेळ बघत उभे राहतील. राहू द्या, टॅक्सी दुसरी मिळेल. फक्त मोबाइल बाहेर काढू नका, न विचारता कुणाचाही फोटो काढणं तिथे गुन्हा ठरू शकतो.