फेरातली जागा

‘मुंबईवाल्यांना बाहेर उभं करा, नाच बिघडवतायत,’ असं आमच्या वाडीतल्या एका जाणत्या माणसानं गौरी आल्या त्या रात्री भर अंगणात म्हटलं. ते मला अजून टोचतं. रजेसाठी साहेबाच्या विनवण्या करून, रात्रभर उभ्यानं प्रवास करून आलेली ती पोरं. मुकाट्यानं पायातले चाळ सोडून पडवीत बसली. त्यातला एक शाळकरी, गणपतीपुढं पहिल्यांदाच नाचत होता.

जाखडी मी बसवतो. मधे शाहीर, मृदंग, झांज आणि भोवती फेर, हे रत्नागिरीत कुणाला सांगायला नको. गावातली पोरं आधीपासून तालीम करतात, चाकरमानी आदल्या दिवशी येतो. दोघांना एका फेरात घ्यायचं तर नाच तसाच बांधावा लागतो. नवा माणूस पावलात फारसा चुकत नाही, वळताना चुकतो. गिरकीत तोंड बाहेर गेलं की त्याला मृदंगवाला दिसत नाही. तो थबकतो आणि मागचा त्याच्यावर येतो. म्हणून दोन नवे शेजारी ठेवायचेच नाहीत. पुढं जुना, मागं जुना. गणाला आणि गौळणीच्या ध्रुपदाला एकच साधं पाऊल, तेही आत तोंड करून. ध्रुपद फिरून फिरून येतं, तेवढ्यात चुकलेला पुन्हा ठेक्यात येतो. जोडीनं टाळी द्यायची असेल तर नव्याची जोडी जुन्याशी. समोरून हात आला की कुठं जायचं ते कळतं. बसका आणि गिरक्या शेवटी, लय चढल्यावर. तेव्हा नव्यांनी जागेवर ठेका धरायचा, जुने त्यांच्यामधून निघून जातात. बघणाऱ्याला ते मुद्दाम बसवलेलंच वाटतं.

त्या रात्री एवढं सहज करता आलं असतं. शक्ती-तुऱ्याचा सामना असेल तर गडी खुशाल निवडून घ्या, तिथं पाय चुकून चालत नाही. पण घरच्या गणपतीपुढं? गिरणीतून सुटून चाळीच्या चौकात हाच नाच नाचणारे या पोरांचेच आजे होते ना!

तरी खरं सांगतो. ती पोरं बसल्यावर उरलेले गडी जे नाचले, सगळ्यांचे चाळ एका ठोक्यावर पडत होते, माझ्या अंगावर काटा आला. नव्यांना धरून बसवलेला नाच इतका कधीच चढत नाही, आणि तो चढावा असं मलाही दरवर्षी वाटतंच.